पायरीची उंची कोण ठरवतं? लो-फ्लोअर बस आणि आहुप्याचा रस्ता

शहरातल्या लो-फ्लोअर बसमध्ये शिरणं आणि घोडेगावच्या स्टँडवर आहुप्याच्या एसटीत चढणं, या दोन वेगळ्या क्रिया आहेत. म्हणून आम्ही शब्दही वेगळे वापरले. पहिल्या गाडीत माणूस घराच्या उंबऱ्यातून आत जावा तसा शिरतो. दुसऱ्या गाडीत तो चढतो. आधी पिशवी वर टाकायची, मग दांडा धरायचा, मग एक पाय पायरीवर ठेवून सगळं अंग हाताच्या जोरावर वर ओढायचं. विशी-तिशीतल्या माणसाला यात काही विशेष वाटत नाही. सत्तरीतल्या बाईला विचारा.

आपल्याकडे समीक्षा कादंबरीची होते, नाटकाची होते, हल्ली इमारतींचीही थोडीफार होते. बसच्या बॉडीची होत नाही. तिच्याबद्दल तक्रार होते, बातमी होते, उद्घाटन होतं. पण ही वस्तू अशीच का घडवली, कुणासाठी घडवली, यापेक्षा वेगळी घडवता आली असती का, हे प्रश्न कुणी विचारत नाही. आज ते एकमजली लो-फ्लोअर बसबद्दल विचारू, आणि विचारायला उभं राहू आंबेगाव तालुक्याच्या पार पश्चिम टोकाला, आहुप्यात. कारण शहरात उभं राहिलं की लो-फ्लोअर ही सोय वाटते, आणि आहुप्यात उभं राहिलं की ती चैन वाटते. आमच्या मते हे दोन्ही समज अर्धवट आहेत.

आहुपे ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. घोडेगावहून निघायचं, डिंभे धरणाचा जलाशय लागतो, हुतात्मा बाबू गेनू सागर. मग असाणे, तिरपाड, डोण, पिंपरगणे अशी गावं असलेलं आहुपे खोरं. शेवटी आहुपे, सह्याद्रीच्या अगदी कड्यावर. पुढे रस्ता नाही, पायवाटेचा घाट आहे, तो मुरबाड तालुक्यात उतरतो. कड्यावरून गोरखगड आणि मच्छिंद्रगड खाली दिसतात. पर्यटकांना एवढंच माहीत असतं, आणि देवराई, आणि शेकरू. गावकऱ्यांना एसटीची वेळ माहीत असते.

याच खोऱ्याच्या रस्त्याला माळीण आहे. 30 जुलै 2014 ला डोंगर कोसळून गाव गाडलं गेलं, दीडशेच्या वर माणसं गेली, आणि जागेवर गाव नाही हे ज्यांच्या आधी लक्षात आलं त्यांत त्या रस्त्यानं जाणारा एसटीचा चालक होता. हे आम्ही भावना चाळवायला सांगत नाही. या खोऱ्यात एसटी म्हणजे काय, ते कळावं म्हणून सांगतो. बाहेरच्या जगातून इथं नेमानं येणारी ती एकच मोठी वस्तू आहे. तेव्हा तिची पायरी हा किरकोळ तपशील नाही.

या गाडीत कोण बसतं? आश्रमशाळेची पोरं. घोडेगावच्या ग्रामीण रुग्णालयात निघालेला म्हातारा. आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात कागद घेऊन निघालेली बाई, तिच्या कडेवर मूल. बाळहिरड्याचं पोतं घेऊन बाजाराला निघालेली माणसं. म्हणजे बहुतेकांचा एक हात तरी अडकलेला. आणि गाडीची रचना काय गृहीत धरते? की माणसाचे दोन्ही हात मोकळे आहेत, दोन्ही गुडघे धड आहेत आणि अंगात लुगडं नाही, पँट आहे.

आता एक विसंगती बघा. 26 ऑगस्ट 2022 पासून एसटीनं पंचाहत्तरीपुढच्या सगळ्यांना प्रवास मोफत केला. 17 मार्च 2023 पासून महिलांना निम्म्या तिकिटात प्रवास. दोन्ही निर्णय आम्हाला मनापासून आवडलेले आहेत, गाड्या भरल्या, म्हातारी माणसं घराबाहेर पडली. पण म्हणजे आपण ठरवून ज्यांना गाडीत बोलावलं ते कोण, तर पंचाहत्तरी ओलांडलेले आणि बायका. तिकीट खाली आलं, पायरी होती तिथंच राहिली. एखाद्यानं पंगतीचं आमंत्रण द्यावं आणि पानं फळीवर मांडावीत, तसं झालं हे.

थोडं मोजमाप करू. घरातल्या जिन्याची पायरी साधारण सहा-सात इंच उंच असते, म्हणजे 150 ते 190 मिलिमीटर. यापेक्षा उंच पायरी केली की गवंड्यालाच लोक नावं ठेवतात. केंद्राच्या नगरविकास मंत्रालयानं 2008 मध्ये शहरी बससाठी जे मापदंड काढले त्यात तळाच्या तीन उंच्या धरल्या होत्या: 900 मिलिमीटर, 650 मिलिमीटर आणि 400 मिलिमीटर. चारशेची ती लो-फ्लोअर, साडेसहाशेची सेमी लो-फ्लोअर. चारशे मिलिमीटर म्हणजे सुद्धा जिन्याच्या दोन पायऱ्या झाल्या, हे लक्षात ठेवा. फुटपाथला चिकटून थांबली तर ती एका पायरीवर येते. आपली साधी लाल एसटी या तिन्ही उंच्यांच्या वरच्या टोकाला, म्हणजे मीटरभराच्या आसपास तळ असलेली. ती उंची दारातल्या पायऱ्यांत वाटलेली असते, पण वाटणी सारखी नसते. सगळ्यात मोठा वाटा पहिल्या पायरीच्या माथी. जमिनीपासून पहिली पायरी बहुतेकांच्या गुडघ्याला येते. ऐकणाऱ्यांपैकी कुणाला शक्य असेल त्यांनी टेप घेऊन स्टँडवर मोजून बघावं, पाच मिनिटांचं काम आहे, आणि मोजताना कंडक्टर काय म्हणतो तेही ऐकावं.

ही उंची ठरवली कुणी? प्रवाशानं नाही, हे उघड आहे. सहसा उत्तर मिळतं, "रस्त्यानं." खेड्यातले रस्ते खराब, म्हणून गाडी उंच. आम्हाला हे उत्तर पुरतं पटत नाही.

एसटीची गाडी कशी तयार होते ते आधी बघू. महामंडळाच्या तीन मध्यवर्ती कार्यशाळा आहेत: पुण्यात दापोडी, छत्रपती संभाजीनगरला चिकलठाणा, नागपूरजवळ हिंगणा. कंपनीकडून, म्हणजे टाटा किंवा अशोक लेलँडकडून, नुसती चासी यायची. तुम्ही हायवेवर पाहिलं असेल, वर काही नाही, लोखंडाच्या दोन लांब तुळया, चार कोपऱ्यांना चाकं, पुढे इंजिन, आणि हेल्मेट-गॉगल घालून उघड्यावर बसलेला ड्रायव्हर. ती उघडी चासी कार्यशाळेत आली की तिच्यावर आडव्या पट्ट्या, त्यावर उभा सांगाडा, मग पत्रा, तळाचं प्लायवूड, खिडक्या, सीटा, रंग. कसबी हातांचं काम आहे हे. आधी ॲल्युमिनियमचा सांगाडा असायचा, 2018च्या सुमारास माइल्ड स्टीलचा करायला लागले, अपघातात टिकावा म्हणून. दापोडीत ज्यांनी आयुष्य काढलं त्यांच्या कौशल्याबद्दल आम्हाला आदरच आहे.

पण या पद्धतीची मर्यादा काय? त्या दोन तुळया. त्या ट्रकच्या घराण्यातल्या आहेत. सरळ जातात, पुढच्या ॲक्सलच्या वरून आणि मागच्या ॲक्सलच्याही वरून. तुळयांखाली पाटे, पाट्यांखाली ॲक्सल. बॉडी बांधणारा कारागीर कितीही हुशार असला तरी तुळईच्या खाली तळ नेऊ शकत नाही. त्याला फक्त वर चढता येतं. म्हणजे आहुप्याच्या आजीच्या गुडघ्याचा प्रश्न चासी खरेदी झाली त्या दिवशीच निकालात निघालेला असतो, आणि ते निकालपत्र आजीला काय, दापोडीच्या सुताराला सुद्धा दाखवलेलं नसतं. रस्ता खराब हे कारण खोटं नाही. पण ते नंतर जोडलेलं कारण आहे. आधी ट्रकची चासी स्वस्त आणि सोपी म्हणून घेतली, मग तिच्या उंचीला रस्त्याचा आधार मिळाला. सपाट, गुळगुळीत पुणे-नगर रस्त्यावर धावणारी साधी गाडी सुद्धा तेवढीच उंच असते ना!

आता लो-फ्लोअर बॉडीकडे वळू. लोकांना वाटतं, उंच गाडी घेऊन ती खाली दाबली की लो-फ्लोअर होते. तसं नाही. सगळी मांडणी उलटीपालटी करावी लागते. इंजिन पुढून उचलून पार मागे न्यायचं. सरळ ॲक्सलऐवजी मधून खाली वाकवलेला ॲक्सल घालायचा, म्हणजे तळाला दोन चाकांच्या मधून जाता येतं. पाट्यांच्या जागी हवेचे फुगे. आणि मुख्य म्हणजे त्या दोन तुळया सोडून द्यायच्या: बॉडीचा पिंजराच वजन पेलतो, तळ, भिंती, छप्पर मिळून. जर्मनीत न्योप्लानसारख्या कंपन्यांनी सत्तरच्या दशकात याची सुरुवात केली. लंडनमध्ये 2005 अखेर नेहमीच्या सेवेतल्या गाड्या लो-फ्लोअर झाल्या होत्या. हवेच्या फुग्यांमुळे आणखी एक सोय मिळते: थांब्यावर दाराकडच्या बाजूची हवा सोडली की गाडी साठ-ऐंशी मिलिमीटर खाली झुकते. उंटानं बसावं तशी. रचना म्हणून आम्हाला ही गोष्ट फार देखणी वाटते, यात बाहेर लावलेला एकही अलंकार नाही. गाडीनं माणसासाठी वाकणं, बस्स.

मात्र कौतुक इथंच थांबवून तिच्या खोडीही सांगायला हव्यात. तळ खाली नेला म्हणून चाकं लहान होत नाहीत. ती आत घुसतात. मग चाकांवर डब्यासारखे उंचवटे येतात आणि त्यांच्यावर सीटा ठेवतात. म्हणजे म्हातारा माणूस सहज आत येतो आणि बसण्यासाठी मात्र चौथरा चढतो! आपल्याकडे दिसणाऱ्या बऱ्याच गाड्यांत मागच्या दारानंतर आणखी पायऱ्या असतात, कारण इंजिन तिथं आहे. सीटा कमी होतात, सामानाला जागा नाही. बाळहिरड्याचं पोतं कुठं ठेवणार? चाकखुर्चीसाठी रॅम्प असतो, तो उलगडलेला आम्ही फार कमी वेळा पाहिला. आणि शहरातला ड्रायव्हर थांब्यापासून चार फूट लांब, रस्त्याच्या मधोमध गाडी उभी करतो. तिथं चारशे मिलिमीटरचे पुन्हा चारशेच राहतात, फुटपाथ वाया, झुकणं वाया. इतकी विचारपूर्वक केलेली बॉडी, आणि तिच्यापर्यंत पोचणारे शेवटचे चार फूट कुणाच्याच खात्यात नाहीत.

तर मग ही गाडी आहुप्याला न्यावी का? पूर्ण लो-फ्लोअर, बारा मीटर लांब? नको. आणि का नको ते भावनेनं नाही, हिशेबानं बघू. बारा मीटरच्या गाडीत पुढच्या-मागच्या चाकांत साधारण सहा मीटर अंतर धरा. पोटाखाली वीस सेंटिमीटर मोकळी जागा. आता मोरी किंवा घाटमाथ्याचा उंचवटा, जिथं रस्ता चढतो आणि लगेच उतरतो. अशा ठिकाणी चाकं दोन्हीकडे खाली आणि पोट टोकावर. तीन मीटरला वीस सेंटिमीटर, म्हणजे दोन्ही बाजूंनी चार-चार अंशांच्या आत गाडी पोट टेकते. सह्याद्रीतल्या रस्त्याला चार अंश म्हणजे काहीच नाही. त्यात पावसाळ्यात वाहून आलेली दगड-माती. म्हणजे जो अधिकारी म्हणतो लो-फ्लोअर इथं चालणार नाही, तो या बाबतीत बरोबर आहे.

पण तो तिथं थांबतो, आणि आमची तक्रार तिथून सुरू होते. गाडी नऊ मीटरची करा. चाकांतलं अंतर साडेचार मीटरवर आलं. पोटाखाली तीस सेंटिमीटर ठेवा. आता सव्वादोन मीटरला तीस सेंटिमीटर, साडेसात अंश. जवळजवळ दुप्पट! सेमी लो-फ्लोअर, म्हणजे साडेसहाशे मिलिमीटरचा तळ, या हिशेबात बसू शकतो. दोन पायऱ्या, म्हणजे प्रत्येकी जेमतेम बावीस सेंटिमीटरच्या तीन टप्प्यांत माणूस आत. घरच्या जिन्यापेक्षा थोडं जास्त. आणि आहुप्याच्या वळणांवर नऊ मीटरची गाडी बारा मीटरच्या गाडीपेक्षा सुखानं वळेल हे तर कुणीही ड्रायव्हर सांगेल. एसटीला लहान गाडी नवीन नाही, 'यशवंती' नावाच्या मिडी बस तिनं घाटरस्त्यांसाठी चालवल्याच होत्या. तेव्हा लांबी कमी करायचं सुचलं, तळाचं सुचलं नाही.

इथं मुद्दा असा आहे, की लो-फ्लोअर हा शब्दच आपल्याला फसवतो. त्यानं सगळं लक्ष तळाकडे जातं. आहुप्याच्या माणसाला तळ किती उंच आहे याच्याशी कर्तव्य नाही. त्याला पहिली पायरी, दाराची रुंदी आणि धरायचा दांडा यांच्याशी कर्तव्य आहे. यातल्या शेवटच्या दोन गोष्टींना चासी आड येत नाही. त्या शंभर टक्के बॉडी बांधणाऱ्याच्या हातात आहेत. दांडा बहुतेक गाड्यांत उंच माणसाच्या हाताला येईल असा असतो. तो पायरीच्या खालच्या टोकापासून का सुरू होऊ नये, दोन्ही बाजूंना का असू नये? दार बंद करताना आड येतो, असं उत्तर मिळतं. मग दाराची रचना बदला.

संधी आल्या नव्हत्या असंही नाही. 1 जून 2022 ला, एसटीची पहिली गाडी 1948 मध्ये ज्या पुणे-नगर मार्गावर धावली त्याच मार्गावर, विजेवरची 'शिवाई' सुरू झाली. विजेच्या गाडीत पुढे भलंमोठं इंजिन नसतं. तळ खाली आणायला यापेक्षा चांगला मुहूर्त कुठला? पण लांब पल्ल्याची गाडी म्हणून ती उंचच आली, पोटात सामानाची जागा घेऊन. लांब पल्ल्याला ते समजण्यासारखं आहे, कारण तिथं माणूस एकदा चढतो आणि दोन-तीन तासांनी उतरतो. खोऱ्यातल्या गाडीत दर दोन किलोमीटरला चढउतार. पुढे 2024 मध्ये अशोक लेलँडला 2,104 'वायकिंग' गाड्यांची ऑर्डर मिळाली, तयार बॉडीसकट. दोन हजारांवर गाड्या घेणारा गिऱ्हाईक पायरीबद्दल दोन ओळी सांगू शकतो. बाजारात तेवढं वजन त्याचं असतं. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यानं वाहतूक सुलभ करण्याची जबाबदारी शासनावर टाकलेली आहे, आणि तो कायदा महापालिकेच्या हद्दीत संपत नाही.

मागे एकदा प्रश्नोत्तरांत कुणीतरी विचारलं होतं, की नवीन गाड्या येईपर्यंत काय. आमचं उत्तर असं, की पायरी खाली येत नसेल तर जमीन वर आणा. हे विनोदानं म्हणत नाही. एसटी स्टँडवर फलाट असतो, बरोबर? तो जमिनीपेक्षा चांगला वीतभर उंच असतो. पण गाडी त्याला नाक लावून उभी राहते, आणि दार असतं डाव्या अंगाला. मग प्रवासी काय करतो? फलाटावरून खाली उतरतो, दोन गाड्यांच्या बोळात शिरतो, चिखलात उभा राहतो आणि तिथून वर चढतो. उंचीचा फायदा उभ्या गाडीच्या बंपरला! रेल्वेनं असा फलाट बांधला असता तर आपण हसलो असतो.

वाटेवरच्या गावांत तर फलाटच नाही, त्यामुळे तिथं चूक करण्याआधीच ती टाळता येईल. गावच्या थांब्याला रस्त्याच्या कडेनं दगडाचा एक ओटा. दहा-बारा फूट लांब, तीन फूट रुंद, आठ-नऊ इंच उंच. समजा पहिली पायरी जमिनीपासून पंचेचाळीस सेंटिमीटरवर आहे, तर ओट्यावरून ती तेवीस-पंचवीसवर येते. एका टोकाला उतार ठेवायचा, म्हणजे पोतं ओढत आणता येईल आणि काठी टेकणाऱ्यालाही चढावं लागणार नाही. ओटा याहून उंच मात्र करायचा नाही, कारण दार बाहेर उघडणारं असेल तर त्याची खालची कड ओट्यावर घासेल. मधली गावं जाता-येता लागतात आणि दार एकाच अंगाला, म्हणून डोणला, तिरपाडला रस्त्याच्या दोन्ही कडांना एकेक ओटा लागेल. आहुप्यात गाडी वळते. तिथं एकच पुरे.